सैतानासाठीचं घड्याळ

माणसानं बढाई मारावी, पण ती ऑस्ट्रेलियापर्यंत ऐकू जाईल अशी मारू नये. मी नेमकी तशी मारली. नाताळच्या दिवशी दुपारी मेलबर्नहून डोलोरआत्याचा फोन आला. तो दरवर्षीच येतो, आणि दरवर्षी तिकडचं ऊन, इकडचा वारा, सगळ्यांची तब्येत, एवढं झालं की बंद होतो. यंदा मात्र आत्या म्हणाली की मी ईस्टरला येतेय, ऐंशी ओलांडली, आता आले नाही तर पेटीतूनच यावं लागेल. आणि म्हणाली, मला आपली सगळी जुनी देवळं बघायची आहेत. तिकडच्या शेजारणी तिला विचारतात, पिरॅमिडांपेक्षा जुनी देवळं म्हणे तुमच्या माल्टात आहेत, कशी आहेत हो? आता आत्या काय सांगणार? तिच्या लहानपणी तिथं शेळ्या बांधत.

मी म्हणालो, "अगं आत्या, देश केवढा, देवळं किती! सकाळी निघालो तर दुपारी जेवायला घरी."

चेट्टा, म्हणजे माझी बायको, भांडी पुसत होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की फोन ठेवल्यावर मी लगेच बागेत गेलो. कारण तिला माझं ज्ञान ठाऊक होतं. हाजार इमचं प्रसिद्ध देऊळ मी एकदाच पाहिलंय, शाळेच्या सहलीत, आणि त्यातलं मला एवढंच आठवतं की तिथं कुणीतरी माझा टोमॅटो-तेल लावलेला पाव पळवला. खरं सांगायचं तर माल्टाच्या माणसानं माल्टा बघायची पद्धतच नाही. ते काम जर्मन आणि जपानी लोकांचं. आम्ही दारात खुर्ची टाकून त्यांना रस्ता सांगतो, आणि तोही बहुतेकदा चुकीचा.

पण माझा खरा हेतू वेगळा होता. माझे वडील नेनु हे आत्याचे सख्खे भाऊ, आणि त्या दोघांत साठ वर्षांची अढी होती. एकोणिसाव्या वर्षी नवऱ्याबरोबर बोटीनं ऑस्ट्रेलियाला निघालेल्या बहिणीला निरोप द्यायला बाबा आले नाहीत, असं आत्याचं म्हणणं. आणि "मी वेळेवर होतो" हे बाबांचं म्हणणं. ह्यापलीकडे दोघांनीही कधी काही सांगितलं नाही. चार वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा आत्यानं फुलं पाठवली, पण फोनवर रडली नाही. मला तिला एकदा बाबांच्या कबरीवर न्यायचं होतं. सरळ विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून मी ठरवलं की देवळं दाखवता दाखवता हळूच गाडी कबरस्तानाकडे वळवायची. गनिमी कावाच म्हणा ना.

ही बातमी गल्लीत पसरायला चेट्टाला दोरीवर एक चादर वाळत घालण्याइतका वेळ लागला. समोरचा लेली लगेच आला. लेली गावच्या फटाक्यांच्या कारखान्यात आयुष्यभर दारू ठासत आला, त्यामुळे त्याला एक भुवई नाही आणि कशाचीच भीती नाही. तो म्हणाला की वरची देवळं सोड, ती कुणीही दाखवेल, खरी वस्तू जमिनीखाली आहे. खडकात तीन मजले खोल कोरलेलं ते दफनमंदिर, तिथं रोज मोजकीच माणसं आत सोडतात. "तिकडे नेलंस तर आत्या तुला मानेल. नाहीतर तू काय, दगड दाखवणार. दगड तिच्या परसातही असतील."

हे मला लागलं. मी त्याच दिवशी कॉम्प्युटरपुढे बसलो. स्वतःच्या देशातल्या, स्वतःच्या पूर्वजांच्या हाडांच्या भेटीसाठी मला महिनोन्‌महिने आधी नंबर लावावा लागला. ईस्टरच्या आदल्या दिवशीची, पवित्र शनिवारची सकाळ मिळाली. दोन तिकिटं काढली, एक आत्याचं, एक चेट्टाचं, आणि माझं काढायला गेलो तेव्हा जागा संपली होती. चेट्टानं तिचं तिकीट पाहिलं आणि म्हणाली, "अहो, मी मेल्यावर जाणारच आहे जमिनीखाली. त्याला तिकीट कशाला?"

मग ते तिकीट माझ्या नावावर करायला मी राजधानीतल्या कचेरीत गेलो. खिडकीतली मुलगी फार सभ्य होती. ती म्हणाली, नाव बदलता येत नाही, तिकीट रद्द करता येतं, पण रद्द केलं की ते रांगेतल्या पुढच्या माणसाला जातं. मी म्हणालो, रांगेतला पुढचा माणूस मीच आहे. ती म्हणाली, ही ती रांग नाही. तिनं मला वरच्या मजल्यावर पाठवलं, वरच्यानं मागच्या इमारतीत, आणि मागच्या इमारतीतला माणूस जेवायला गेला होता. तो परत आल्यावर म्हणाला, हे खालच्या खिडकीचं काम. मी खाली आलो तोवर खिडकी बंद. तीन खेपांनंतर त्याच मुलीनं, मला वाटतं केवळ माझ्या चेहऱ्याकडे बघून, ते काम करून दिलं. मी तिला बायकोच्या हातचे बदामाचे लाडू नेऊन दिले. त्या बिचारीचे आभार आज मला निराळ्याच कारणासाठी मानायचे आहेत, पण ते पुढे येईल.

आत्या आली ती पवित्र आठवड्याच्या सुरुवातीला. काठी, फुलांची टोपी, आणि आवाज असा की विमानतळावरचे पोलीस रांगेत उभे राहिले. आमच्या घरी गोल दगडी जिना, तो तिला जमेना, म्हणून ती शेजारच्या हाल वर्दा गावी, नवऱ्याच्या पुतणीकडे उतरली. लग्न होऊन ती त्याच घरात गेली होती, आणि तिथूनच बोटीकडे निघाली होती. ठरवलेलं विसरून मी गाडीत बसता बसताच कबरीचा विषय काढला. ती म्हणाली, "आधी देश दाखव. मेलेल्यांना घाई नसते."

पहिल्या दिवशी देवळं. लेलीही बरोबर आला, कारण त्याला घरी बायको होती. मी रात्रभर पुस्तक वाचून तयार होतो. कड्याकडेच्या वाटेनं जाताना उजव्या हाताला बैठं दगडी बांधकाम दिसलं, लहानसं दार, समुद्राच्या बाजूला एक भोक. मी आत्याला थांबवून सांगायला लागलो. हे बघ, इथून पुजारी बोलायचा आणि बाहेर लोकांना वाटायचं देवच बोलतोय. पाच हजार वर्षं झाली, पण दगड हलला नाही. एक फ्रेंच जोडपंही थांबून मान डोलवायला लागलं. तेवढ्यात आतून खरंच आवाज आला, "जरा बाजूला होता का? पाखरं बिचकतात." एक शिकारी थर्मास घेऊन बाहेर आला. ती त्याच्या आजोबांनी बांधलेली दबा धरायची झोपडी होती. फ्रेंच जोडप्यानं त्याचाच फोटो काढला. परतीच्या वाटेवर आत्याचे खांदे हलत होते आणि ती रडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी खडकातल्या गाडीवाटा. उघड्या खडकावर खोल गेलेल्या समांतर खाचा, रेल्वेच्या रुळांसारख्या, कुठून कुठे जातात आणि कुणी केल्या ह्यावर आमच्या देशात जितकी माणसं तितकी मतं आहेत. आमच्या गावच्या क्लबमध्ये ह्यावरून दोन साखरपुडे मोडलेत. लेली म्हणत होता चाकांनी झाल्या, मी म्हणत होतो बिनचाकाच्या घसरगाडीनं, आणि मुद्दा पटवून द्यायला मी एक पाय खाचेत घातला. तो निघेना. ओढताना मी पाठीवर पडलो तो नेमका पावसाच्या पाण्यानं भरलेल्या दुसऱ्या खाचेत. बूट आत राहिला. मनगटावरचं घड्याळ, बाबांचं, पाण्यात गेलं आणि तिथंच थांबलं. आत्यानं काठीनं बूट उकरून काढला आणि म्हणाली, "नेनुचाच मुलगा शोभतोस." हे कौतुक होतं की टोमणा ते मला कळलं नाही, पण साठ वर्षांत तिनं बाबांचं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मी ओल्या विजारीतही खूश झालो.

आता शनिवार. इथं आमच्या चर्चच्या घड्याळांबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे बऱ्याच गावांत चर्चच्या दोन मनोऱ्यांवर दोन घड्याळं असतात. एक खरी वेळ दाखवतं, दुसरं खोटी. खोटं सैतानासाठी. प्रार्थनेची वेळ त्याला कळू नये, त्यानं चुकीच्या वेळी यावं आणि रिकामं चर्च बघून जावं, एवढाच त्यातला हेतू. आमच्या हाल नग्गारमध्ये उजवीकडचं खरं. हे आम्हांला कुणी शिकवत नाही, आईच्या दुधातून येतं. ज्याला हे ठाऊक नाही तो परका तरी असतो, नाहीतर सैतान. पवित्र आठवड्यात ह्या घड्याळांना जास्तच महत्त्व, कारण गुरुवारपासून ईस्टरपर्यंत चर्चच्या घंटा मुक्या असतात, ठोके पडत नाहीत.

सकाळी निघताना चेट्टा म्हणाली फोन घ्या. मी म्हणालो, त्या दफनमंदिरात फोन चालत नाही, नियम म्हणजे नियम. ती म्हणाली, अहो, मंदिरापर्यंत तरी घ्या. पण स्त्रियांशी तात्त्विक वाद घालू नये म्हणून मी फोन टेबलावर ठेवला आणि निघालो. गाडीतलं घड्याळ गाडी घेतल्यापासून निवांत आहे. वाटेत एका ट्रकच्या मागे सापडलो. शुक्रवारच्या मिरवणुकीतले पुतळे परत नेत होते, आणि पुतळ्यांना धक्का लागू नये म्हणून ट्रक पायी चालल्यासारखा चालला होता. मागच्या बाजूला येशूला दगा देणारा ज्युदास, थेट माझ्याकडे तोंड करून. मी हॉर्न वाजवला तर ट्रकवाल्यानं खाली उतरून क्रूसाची खूण केली आणि परत वर चढला.

हाल वर्दाच्या बाहेर गाडी लावून मी घामाघूम चौकात पोचलो. उशीर झाला, तिकिटं गेली, आत्या गेली, सगळं गेलं असं मनात म्हणत वर पाहिलं, आणि जीव भांड्यात पडला. उजवीकडच्या घड्याळात अजून भरपूर वेळ होता. डावीकडचं तासभर पुढे होतं. बिचारा सैतान, म्हणून मी हसलोसुद्धा. आत्या अजून तयार झाली नसेल, लवकर जाऊन म्हाताऱ्या माणसाला धावपळ कशाला, म्हणून मी चौकातल्याच क्लबमध्ये शिरलो. काचेच्या ग्लासात चहा घेतला, चीज भरलेल्या दोन गरम पास्तीत्सी खाल्ल्या, पेपरातल्या मृत्यूच्या जाहिराती वाचल्या. एकाला मी ओळखत होतो. मग उठून, सावकाश, शीळ घालत आत्याच्या दारी गेलो.

ती ओसरीत खुर्चीवर बसली होती. टोपी घातलेली, पर्स मांडीवर, काठी हातात. पुतणी शेजारी उभी होती आणि डोळ्यांनी मला काहीतरी खुणावत होती.

"ये," आत्या म्हणाली. "वेळ टळून गेली."

मी म्हणालो, अगं कसली टळली, अर्धा तास लवकर आलोय. ती म्हणाली, कुणाच्या घड्याळानं? मी म्हणालो, चर्चच्या, आत्ताच बघून आलो. पुतणीनं कपाळाला हात लावला.

"कुठलं घड्याळ बघितलंस?" आत्यानं विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"उजवीकडचं. दुसरं कुठलं बघणार?"

तिनं पर्स पुतणीच्या हातात दिली. मग काठी टेकवत उठली, मला दंडाला धरलं आणि चौकात घेऊन आली. म्हणाली, जिथं उभा होतास तिथं उभा राहा. मी राहिलो. शाळेत फळ्यापुढे उभं करतात तसं मला वाटत होतं, आणि क्लबच्या दारात चार टाळकी जमली होती. आत्या माझ्या शेजारी उभी राहून वर बघत होती.

"इथं डावीकडचं खरं असतं," ती म्हणाली. "हाल वर्दात डावीकडचं."

मला हसावं की रडावं कळेना. आमचं हाल वर्दात जाणं-येणं नाही. त्यांना वाटतं त्यांचे फटाके आमच्यापेक्षा मोठे, त्यामुळे त्यांच्या चौकात उभं राहून वेळ बघायचा प्रसंग मला उभ्या जन्मात आला नव्हता. सैतानानं प्रत्येक गावात वेगळं फसावं म्हणून ही व्यवस्था असेल. सैतान फसला की नाही माहीत नाही, आमच्या घराण्यातले दोन पुरुष मात्र फसले होते. हे आत्या पुढे बोलायला लागली तेव्हा माझ्या हळूहळू ध्यानात आलं.

बोट गुड फ्रायडेला सुटणार होती. इंग्रजांची बोट, त्यांना कसलं सुतक. बंदराकडे नेणारा ट्रक ह्याच चौकातून निघायचा होता. बाबा हाल नग्गारहून चालत येणार होते आणि तिच्याबरोबर बंदरापर्यंत जाणार होते. ट्रक निघाला, सगळ्यांचे भाऊ होते, तिचा नव्हता. बोट दूर जाईपर्यंत ती कठड्याला धरून उभी होती. वर्षभरानं बाबांनी कुणाकडून तरी निरोप धाडला की मी वेळेवर आलो होतो, घड्याळात अजून सव्वा तास होता, म्हणून चर्चमध्ये तुझ्यासाठी मेणबत्ती लावत बसलो, आणि बाहेर आलो तर ट्रक निघून गेला होता.

"मला वाटलं, खोटं बोलायचं तर जरा बरं तरी बोलावं," आत्या म्हणाली. "आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही खरं घड्याळ कळतं. मी म्हटलं, ह्याला यायचंच नव्हतं. मी परक्या मुलखात जाते म्हणून रागावला होता, तो राग ह्यानं धरला. मग मीही धरला."

"पण तुला तरी डावीकडचं कसं ठाऊक?"

"लग्न होऊन आले तेव्हा नवऱ्यानं सांगितलं. पहिल्याच आठवड्यात. मीपण अशीच फसले होते, प्रार्थनेला उशिरा गेले आणि सासू सगळ्यांदेखत बोलली." तिनं रुमाल काढला. "आणि मग ते मला कुणी सांगितलं होतं हेच मी विसरले. नेनुला कोण सांगणार होतं रे? मीच सांगायला हवं होतं."

आणि ती रडली. भर चौकात, फुलांच्या टोपीसकट, मोठ्यानं. क्लबच्या दारातल्या टाळक्यांनी टोप्या काढल्या, त्यांना वाटलं कुणीतरी गेलं. मीही रडलो, माझ्या प्रतिष्ठेला त्या आठवड्यात आणखी काही व्हायचं शिल्लक नव्हतं. मला आठवलं ते आमच्या घरातलं दर ईस्टरचं. आई पोरांसाठी फिगोल्ला करायची, बदामाचं सारण भरून वर साखरेचा थर दिलेली, कुणाची मासा, कुणाची कोकरू. आणि एक जास्तीची, होडीच्या आकाराची, बाबा स्वतः कापून करायचे. तिला हात लावायचा नाही. विचारलं की म्हणायचे, "ती उशिराची." पुढच्या रविवारी गपचूप ती मठातल्या सिस्टरना देऊन यायचे. बाबा गेल्यावरही चेट्टा ती होडी करते, का करते हे आम्ही कुणीच विचारलं नव्हतं.

मी हे आत्याला सांगितलं. तिनं रुमालानं तोंड पुसलं, घड्याळाकडे एकदा पाहिलं, उजवीकडच्या, आणि म्हणाली, "चल."

मी म्हणालो, आत्या, दफनमंदिर गेलं, आता वर्षभर नंबर लागणार नाही. ती म्हणाली, ते पाच हजार वर्षं थांबलंय, माझ्यावाचून अडणार नाही, आधी घरी चल आणि ती होडी घे.

आम्ही होडी घेतली. चेट्टानं काही न विचारता ती कागदात बांधून दिली, आणि मी न नेलेला फोन माझ्या खिशात घातला. लेली गाडीत आपणहून येऊन बसला, पण कबरस्तानाच्या फाटकापाशी म्हणाला की मी बाहेरच थांबतो, आणि ते त्याच्याकडून मी आयुष्यात पाहिलेलं सगळ्यात मोठं शहाणपण.

बाबांच्या कबरीवर आत्या वाकू शकत नव्हती, म्हणून तिनं काठीच्या टोकानं दगडावर दोनदा टकटक केलं, दार वाजवावं तसं. मग फिगोल्ला मोडली. एक तुकडा दगडावर ठेवला, एक मला दिला, आणि उरलेली होडी उभ्या उभ्या खायला लागली. ईस्टरला अजून रात्र बाकी होती, फिगोल्ला त्याआधी खात नाहीत म्हणून मी तसं सांगायला गेलो. तिनं मला गप्प केलं.

लेली आजही लोकांना सांगतो की विस्तिननं, म्हणजे मी, आत्याला माल्टाचं काहीच दाखवलं नाही, एक शिकाऱ्याची झोपडी आणि एक खड्डा. ते खरंच आहे. पण मी त्या ज्युदासाचा, त्या गाडीवाटेतल्या पाण्याचा, घरी राहिलेल्या फोनचा आणि खिडकीतल्या त्या मुलीचा आभारी आहे. तिनं तिकीट माझ्या नावावर करून दिलं नसतं तर आत्या चेट्टाबरोबर गेली असती, आणि चेट्टा कुठेही वेळेवर पोचते. सैतानाचे आभार मानणं आमच्या धर्मात बसत नाही, म्हणून मी फादरना विचारलं. ते म्हणाले, घड्याळाचे आभार मान.

आत्या कबरीपाशी शेवटचा घास खाऊन हात झटकत होती, तेव्हा मी तिला विचारलं, कशी झालीय?

"जरा शिळी झालीय," ती म्हणाली, आणि दगडाकडे वळून बोलली, "पण नेनु, वेळेवर आलास हो."